विनताबाईंची लाल चिठ्ठी

यमाच्या हातून एखादा माणूस सुटेल, पण पोहनकर मॅडमच्या हातून वाकडा नग सुटायचा नाही, असं जबलपूरच्या त्या कारखान्यात म्हणत. विनता पोहनकर तिथे गेज रूममध्ये एक्झामिनर होत्या. दुसऱ्यांनी बनवलेलं मोजायचं आणि पास की नापास ते सांगायचं, हेच काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. पोळी वाटोळी झाली नाही तर आमची ही ताटावरून उठते, असं त्यांचे यजमान शरच्चंद्र लोकांना सांगत. ते साफ खोटं होतं, पण ऐकणाऱ्याला खरं वाटायचं.

गेज रूमचे दोन कायदे होते. नापास नगाला लाल चिठ्ठी बांधायची, आणि जिने बांधली तिने ती सोडायची नाही. दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजायचं, चिठ्ठीच्या पाठीवर नाव आणि तारीख घालायची, मगच ती सुटायची. हा पहिला कायदा. दुसरा त्याहून साधा, आपण जुळवलेलं आपण पास करायचं नाही. विनताबाई हे दोन्ही कायदे नव्या मुलींना इतक्यांदा ऐकवत की मुली पाठीमागे त्यांची नक्कल करत. आणि शेवटी कायदा मोडला तो विनताबाईंनीच. कारखान्यात नाही, मैदानावर.

तिरंदाजीचं खूळ त्यांना पन्नाशीत लागलं. कारखान्याच्या वसाहतीत बायकांचा संघ उभा करायचा होता आणि तिसरी बाई मिळत नव्हती. "नुसतं उभंच राहायचं आहे न?" असं विचारून बाई गेल्या. पहिल्या दिवशी दोरीने कोपराला असा चटका दिला की हात आठ दिवस हिरवानिळा. दुसरी कोणी असती तर धनुष्याला लांबूनच नमस्कार करून मोकळी झाली असती. या नवव्या दिवशी पुन्हा हजर. पुढे सहा वर्षं त्या लाकडी धनुष्यावर खेळल्या आणि कारखान्यांच्या आपसातल्या स्पर्धेत दोनदा संघातून गेल्या.

ही स्पर्धा दर दोन वर्षांनी येते. यंदा जानेवारीत होती. विनताबाईंना अठ्ठावन्न पूर्ण झाली होती आणि पुढची स्पर्धा येईल तेव्हा त्या निवृत्त होऊन घरी असणार होत्या. संघात तीन जागा. त्यातल्या दोन जणी लहानपणापासून शिकलेल्या, स्वतःची धनुष्यं बाळगणाऱ्या, त्यांना हात लावायची सोय नव्हती. राहिली तिसरी जागा. तिच्यावर दोघींचा डोळा होता, एक विनताबाई आणि दुसरी कारखान्याच्याच टपाल विभागातली मेघना तामणे. मेघना एकोणतीस वर्षांची, रोज सिहोऱ्याहून बसने यायची, तिखट जिभेची आणि मेहनती.

दीड वर्षापूर्वी क्रीडा समितीने दोन नवी धनुष्यं दिली होती, एक विनताबाईंना आणि एक मेघनाला. मधे धातूची मूठ, वर आणि खाली बोल्टने बसवायची दोन पाती. बोल्ट आवळला की पातं कडक होतं, ढिला केला की नरम. डब्यातली माहितीपत्रिका कुठल्याशा परदेशी लिपीत होती आणि तेव्हा मैदानावर कोच नव्हता. साहजिकच दोन्ही धनुष्यं विनताबाईंकडे आली. त्यांनी स्टीलची पट्टी काढली. दोरीपासून वरच्या पात्याच्या बुडापर्यंतचं अंतर मोजलं, मग खालच्याचं. वर पाच मिलिमीटर जास्त भरत होतं. दोन्ही धनुष्यांत तसंच.

"पाच मिलिमीटर!" बाई म्हणाल्या. "असा माल आमच्याकडे दारातूनच परत गेला असता."

बोल्ट फिरवून त्यांनी वर-खाली अगदी सारखं करून टाकलं, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. आणि स्वतःच पास केलं. आठ महिन्यांपूर्वी सौमित्र सर कोच म्हणून आले, तेव्हा त्यांनी विचारलं होतं की यांची मापं कोणी घेतली. कोणीतरी विनताबाईंकडे बोट दाखवलं. "दीदी ने नापा है? फिर क्या देखना!" सर म्हणाले आणि विषय मिटला. नाव मोठं झालं की हे असं होतं.

नव्या धनुष्यावर विनताबाईंचे गुण घसरायला लागले. छत्तीस बाणांत तीनशे साठपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी मारणारी बाई दोनशे साठवर आली. धनुष्य ओढायला जड होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं. दोरी हनुवटीपर्यंत झकास यायची, नाकाच्या शेंड्याला टेकायची. बाणावर क्लिकरची पातळ पट्टी बसलेली असते. बाण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर मागे सरकला की ती टक् करून सुटते, आणि तो आवाज झाला की बाण सोडायचा. सगळं घोडं त्या दोन-तीन मिलिमीटरांत अडायचं. त्या क्षणी साइटचा, म्हणजे नेम धरायचा ठिपका निशाणाच्या मधल्या पिवळ्यावरून हळूच वर चढायचा. तो खाली दाबायला बाई डावा हात रेटायच्या, तसा खांदा कानाशी यायचा, पाठीतलं ओढणं थांबायचं, आणि क्लिकर काही केल्या वाजायचा नाही. मग सगळं अंग थरथरायचं. जुन्या धनुष्यावर पूर्ण ताणाला त्या भिंतीला टेकून उभं राहावं तशा शांत उभ्या असायच्या. आता तोच ताण म्हणजे भांडण झालं होतं.

त्यांनी कारण शोधलं आणि ते स्वतःच्या अंगात सापडलं. वय झालं, दुसरं काय! मग रबरी पट्टा ओढ, दंड काढ, पाण्याच्या बाटल्या हातात धरून गच्चीवर उभी राहा, असं वर्षभर चाललं. दंड मजबूत झाले. ठिपका आपला वर चढायचा तो चढतच राहिला.

निवड चाचणी रविवारी होती. आधीच्या मंगळवारी सरावात सलग तीन बाण निशाणाच्या डोक्यावरून गेले, तेव्हा सौमित्र सर जवळ आले. माणूस सज्जन, म्हणून हळू आवाजात बोलले.

"दीदी, बुरा मत मानिए. पाती हलकी करवा लीजिए, या पचास छोड़कर तीस मीटर में आ जाइए. उम्र भी तो देखनी पड़ती है."

"सर, मुझे लगता है धनुष में कुछ है," विनताबाई म्हणाल्या.

शेजारी मेघना बाण गोळा करत होती. ती हसून म्हणाली, "काकू, माझं पण तुम्हीच सेट केलं आहे न? माझं तर चालून राहिलं. नाचता येईना अंगण वाकडं."

दोघी-तिघी हसल्या. विनताबाई पण हसल्या, कारण ही म्हण त्यांनी स्वतः आयुष्यभर लेथवरच्या खराद्यांना आणि फिटरांना ऐकवली होती. पण घरी येईपर्यंत ती सलायला लागली. वय झालं असेल तर ठीक आहे, त्या मनाशी म्हणाल्या, पण ते मोजून सिद्ध झालं पाहिजे. कोणाच्या अंदाजावर मी माघार घेणार नाही.

बुधवारी त्यांनी रजा टाकली. शरच्चंद्र मटार सोलत बसले होते, त्यांच्यापुढून टोपली उचलली आणि हातात कागद-पेन्सिल दिली.

"अहो, लिहा."

"काय लिहू? मृत्युपत्र?"

"आकडे."

ओमतीच्या बाजारातून आणलेला लटकता वजनकाटा त्यांनी झोपाळ्याच्या कडीला अडकवला, काट्याला दोरी लावली आणि धनुष्य खाली ओढत एकेका इंचाला किती वजन भरतं ते सांगत गेल्या. मग माळ्यावरून जुनं लाकडी धनुष्य काढलं आणि त्याचंही तसंच केलं. शरच्चंद्र रेल्वेत गार्ड होते, अक्षर सुबक. दोन्ही रांगा शेजारी-शेजारी आल्या. पूर्ण ताणाला जुन्याचं वजन तेहतीस पौंड, नव्याचं चौतीस. शेवटच्या इंचातही काटा बिचकत नव्हता, एकसारखा चढत होता.

"एका पौंडाचा फरक," विनताबाई म्हणाल्या. "एका पौंडाने मी थरथरते काय? वर्षभर दंड काढून?"

"मग हात नाही, दुसरं काहीतरी आहे," शरच्चंद्र म्हणाले, आणि पहिल्यांदाच थट्टा न करता पुढे सरकून बसले.

समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. बाईंनी नव्या धनुष्यावर साइटचा ठिपका पंधरा तारखेवर धरला, डोळे मिटले, दोरी पूर्ण ओढली आणि डोळे उघडले. ठिपका आठ तारखेवर. दोरी हलकेच परत सोडली. पुन्हा केलं. पुन्हा आठ. पाच वेळा केलं आणि पाचही वेळा ठिपका एक आठवडा वर. मग तीच साइट जुन्या लाकडी धनुष्यावर चढवली. डोळे मिटले, ओढलं, उघडले. ठिपका पंधरावर, जणू खिळ्याने ठोकलेला.

"पट्टी द्या," बाई म्हणाल्या.

जुन्या धनुष्याचं वरचं अंतर खालच्यापेक्षा पाच मिलिमीटर जास्त होतं. लाकूड जुनं होऊन वाकलं असेल, असं आधी त्यांच्या मनात आलं. मग आठवलं की नवी धनुष्यंही डब्यातून हेच पाच मिलिमीटर घेऊन आली होती. तिन्ही धनुष्यं एकच गोष्ट सांगत होती आणि ऐकणारीच बहिरी होती.

शरच्चंद्रांनी धनुष्य हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "तू मूठ धरते ती मधोमध आहे काय? जरा खालीच आहे न? आणि बाण वरच्या अंगाला लागतो."

"हो. दोरीवर एक बोट बाणाच्या वर, दोन खाली."

"मग दोन्ही पात्यांवर सारखा भार कसा येईल? लोखंडी कपाट जिन्यावरून चढवलं होतं, आठवतं? वर तू, खाली मी. वजन कोणावर आलं?"

"तुमच्यावर."

"मग! खालचा गडी जरा तगडाच पाहिजे."

विनताबाई झोपाळ्यावर बसल्या. खालचं पातं कडक आणि वरचं नरम, हा दोष नव्हताच. ती बनवणाऱ्याची अक्कल होती, आणि त्यांनी ती दोष म्हणून मोडून काढली होती. ज्या हातांनी हजारो नग परत पाठवले, त्याच हातांनी बरोबर वस्तू बिघडवून तिच्यावर पासचा शिक्का मारला, आणि दुसऱ्या कोणाकडून मोजूनही घेतली नाही. त्यांना शरम वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या शरमेच्या खालून आनंदाची एक उकळीही फुटली. खांदा संपला नव्हता. वय झालं होतं, पण इतकं झालं नव्हतं.

वरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला केला, खालचा अर्धा फेरा आवळला. मोजलं. वर पाच मिलिमीटर जास्त. डोळे मिटून ओढलं, उघडले. पंधरा तारीख.

मग त्यांनी कपाटातून लाल चिठ्ठी काढली, तिच्यावर 'वि. पोहनकर यांच्या चुकीने नापास, पुन्हा तपासावे' असं लिहिलं आणि धनुष्याच्या मुठीला बांधली.

"आता मेघनाचं," त्या म्हणाल्या.

शरच्चंद्र थबकले. "तिचं चाचणीनंतर सांगितलं तर चालणार नाही काय? तीनच दिवस राहिले. जागा एकच आहे, विनता."

हा विचार बाईंच्या मनात आला नव्हता असं नाही. चांगला पाय पसरून बसला होता. मेघना तरुण, ठिपका वर गेला तरी दांडगाईने खाली ओढून बाण मारते. पण महिनाभर खांद्याला मलम लावून येत होती, ते बाईंनी पाहिलं होतं. तिचं धनुष्य तसंच राहिलं आणि आपलं सुधारलं, तर जागा आपल्याच खिशात. शेवटची स्पर्धा, शेवटची जागा.

"माझ्या हातचा वाईट माल बाहेर गेला आहे," विनताबाई म्हणाल्या. "तो परत बोलवावा लागते. तिथं तीन दिवस बघत नाहीत."

गुरुवारी सकाळी मेघना मैदानावर आली, तेव्हा बाई तिच्याआधी येऊन उभ्या होत्या. त्यांनी सौमित्र सरांसमोर सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, आणि मेघनाच्या धनुष्याला लाल चिठ्ठी बांधली. मेघनाचा चेहरा त्या चिठ्ठीसारखाच झाला.

"काहून पण? चाचणीच्या तीन दिवस आधी कोणी धनुष्याला हात लावते काय? काकू, तुम्हालाच जागा पाहिजे न? सीधा बोला न मग!"

विनताबाईंना लागलं, पण राग आला नाही. मेघनाच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

"माझ्यावर भरवसा ठेवू नको," त्या म्हणाल्या. "माझ्यावर ठेवला म्हणूनच तर हे झालं. तूच तपास. पिवळ्यावर धर, डोळे मीट, पूर्ण ओढ आणि मग उघड."

मेघनाने तिरमिरीतच धनुष्य उचललं. ओढलं, डोळे उघडले. पुन्हा ओढलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी दोरी परत सोडून ती खांदा चोळत उभी राहिली.

"वर जाऊन राहिलं," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं, मीच हलते."

"मलाही तेच वाटायचं."

बोल्ट सौमित्र सरांनी स्वतः फिरवले. त्यांनाही चुटपुट लागली होती, त्यांनी बोलून दाखवली. मग त्यांनी मोजलं, चिठ्ठीच्या पाठीवर नाव-तारीख घातली आणि मेघनाची चिठ्ठी सोडली. विनताबाईंच्या धनुष्याकडे ते वळले, तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं.

"नहीं सर. ज्याच्याकडे वाईट माल गेला, त्याच्या सहीने ही सुटली पाहिजे." आणि त्यांनी पट्टी मेघनापुढे धरली.

मेघनाने पट्टी घेतली नाही. "आता नाही, काकू. रविवार झाल्यावर बघू," ती म्हणाली. विश्वास असा अर्ध्या फेऱ्यात परत येत नसतो. विनताबाईंनी पट्टी खिशात ठेवली.

रविवारी सकाळी मैदानावर कोवळं ऊन होतं आणि वारा नव्हता. पन्नास मीटर, छत्तीस बाण. विनताबाईंच्या मुठीला लाल चिठ्ठी लोंबत होती, येणारे-जाणारे विचारत आणि त्या सगळ्यांना खरं कारण सांगत. पहिल्या बाणाला दोरी हनुवटीला टेकली आणि ठिपका पिवळ्यावर येऊन बसला तो तिथेच. दीड वर्षांनी ती जुनी शांतता अंगात परत आली. पाठ ओढत राहिली, खांदा खालीच राहिला, क्लिकर वाजला. बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, तेवढा एक बाण निळ्यात गेला. पण त्यानंतर त्यांनी डोळ्यांना दटावलं.

मेघनाही तशीच मारत होती. तिचंही भांडण मिटलं होतं. छत्तीसाव्या बाणानंतर गुण लागले. दोघींचे दोनशे सत्त्याण्णव. दोघींनीही इतके कधी मारले नव्हते. सौमित्र सरांनी निर्णय दिला की दोघींनी एकेक बाण मारायचा आणि जिचा मध्याच्या जवळ तिची जागा. एकाच निशाणावर दोन कागद शेजारी-शेजारी लावले.

मेघनाने आधी मारला. पिवळ्यात, अगदी आत. टाळ्या पडल्या.

विनताबाई रेषेवर आल्या. जिंकले तर जानेवारीची स्पर्धा, हरले तर हा चाचणीतला आपला शेवटचा बाण, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी मूठ धरली, दोरी आणली. ठिपका बसला. शेवटचे दोन मिलिमीटर राहिले. इथेच दीड वर्ष त्या हरल्या होत्या. त्यांनी ठिपक्याला काही सांगितलं नाही, नुसती पाठ ओढली, हट्टाने, जराही घाई न करता. टक्. बाण गेला.

तोही पिवळ्यात, तोही आत. पन्नास मीटरवरून काही कळेना. सगळे चालत निशाणापाशी गेले आणि तिथे उभं राहूनही कळेना. मोजायचं म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे सवयीने विनताबाईंकडे वळले. सरांनी तर हातच पुढे केला, "दीदी, आपकी पट्टी."

बाईंनी खिशातून पट्टी काढली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मेघनाच्या हातात दिली.

"माझा बाण मी मोजत नाही. तू मोज."

"मी?" मेघना म्हणाली. "मी पण तर यातलीच आहे, काकू."

"तू मोज. मी पाठ करून उभी राहते."

आणि त्या खरोखरच निशाणाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मेघनाने एकदा मोजलं, मग दुसऱ्यांदा. सर वाकून बघायला लागले, तर तिने त्यांना हाताने मागे सारलं.

"माझा, मध्यापासून एकवीस मिलिमीटर," ती म्हणाली. मग तिने दुसऱ्या कागदावर पट्टी पुन्हा एकदा लावून पाहिली. "काकूंचा अठरा."

विनताबाई वळल्या. मेघना रडत होती आणि रडता रडताच त्यांच्या धनुष्यापाशी गुडघ्यावर बसली होती. तिने दोरीला पट्टी लावली, वरचं अंतर मोजलं, खालचं मोजलं.

"पाच जास्त आहे वर," ती नाक पुसत म्हणाली. "बरोबर न?"

"बरोबर."

तिने चिठ्ठीची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. मग चिठ्ठी उलटी करून तिने गुडघ्यावर ठेवली आणि पेन मागितला.

"काय लिहू?"

"नाव लिही," विनताबाई म्हणाल्या, "आणि तारीख घाल."